टिकलीला भीती वाटते म्हणून सोलर

२ एप्रिल
आजपासून रोज लिहिणार. डायरी टिकलीच्या पप्पांच्या कारखान्यातून मिळालेली, मागच्या वर्षीची. वार जुळत नाहीत. मी फक्त तारीख लिहीन. आठवीपर्यंत शिकले आहे, तारीख चुकत नाही.

लिहायचं कारण लाईट. आमच्या मेहरूणच्या गल्लीत दुपारी लाईट जाते ती तिच्या मर्जीने येते. आता तर दिवेलागणीलाही जायला लागली. मला काही वाटत नाही. टिकली घाबरते. चौथं चालू आहे, लहान जीव. काल एकदम अंधार झाला तेव्हा मी जोरात ओरडले. तिला कळावं की आई जवळच आहे. शेजारच्या धुरपदाक्का लाटणं घेऊन पळत आल्या. म्हणे, चोर कथा शे?

नेमक्या सासूबाई सावद्याहून आलेल्या. सगळं पाहिलं. जेवताना टिकलीच्या पप्पांना म्हणाल्या, पोरीले इथी कायले भाजतो, मी तिले सावद्याले नेते, पाणी पडलं की आणून देईन. (पप्पांचं नाव ललित. तोंडाने घेत नाही, डायरीत घेते. इथे कोण ऐकतंय.)

पाणी पडेपर्यंत म्हणजे किती! टिकली झाल्यापासून मी तिला एक दिवस सोडलेलं नाही.

सासूबाई म्हणाल्या, तूही चाल. मी म्हणाले, यांना डबा कोण देईल. खरी गोष्ट अशी की त्यांचं घर केळीच्या बागेला लागून, आजूबाजूला दुसरं घर नाही, आणि बागेत घुबड आहे. टिकलीला चालणार नाही.

म्हणून मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की आई, आखाजीच्या आत मी घरात लाईटची पक्की सोय करते. ललित भाकरी मोडता मोडता थांबला. सासूबाई म्हणाल्या, कर. मी येते पाहायले. सोय दिसली तर पोर तुही. नाही दिसली तर मी नेते.

ठरलं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, अजून जवळजवळ महिना आहे. सोलर किंवा जनरेटर. दोन्ही नीट तपासून चार दिवसांत निर्णय. घाई करणारी बाई मी नाही.

३ एप्रिल
ललित म्हणाला इन्व्हर्टर घेऊ. त्याच्या बॅटरीत ॲसिड असतं. विषय संपला.

५ एप्रिल
तपास सुरू. गल्लीच्या तोंडाशी प्रकाशचंद शेठचं किराणा दुकान. त्यांच्याकडे पेट्रोलचा जनरेटर आहे, पायरीजवळ साखळीने बांधलेला. कुत्र्यासारखा. चालू झाला की भिंतीवरचं कॅलेंडर हलतं. टिकलीला घेऊन पंख्याखाली उभी राहिले आणि विचारलं, शेठ, जनरेटर चांगला की सोलर? शेठ म्हणाले, बेटा, जनरेटर मतलब भाडेका बैल. चारा डालो, चलेगा. चारा बंद, बैल बंद. मी विचारलं, फुटतो का कधी? शेठ म्हणाले, आजतक तो नही फुटा. आजतक म्हणाले. हे मी लक्षात ठेवलं.

बराच वेळ नुसतं उभं राहिलं तर बरं दिसत नाही, म्हणून एक साबण घेतला.

६ एप्रिल
पुन्हा तपास. एक साबण.

७ एप्रिल
शेठच्या घरावर मोठ्ठं सोलर आहे हे आज कळलं. दुकानात जनरेटर आणि घरावर सोलर! म्हणजे दोन्हींची परीक्षा एकाच माणसाकडे. दुपारी टिकलीला घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांच्या मिसेस, धनकुंवर भाभी. पन्हं दिलं. थंडगार बसलो होतो आणि लाईट गेली. मी पदर सावरून म्हणाले, भाभी, आता सोलर लागेल ना? भाभींनी लग्नपत्रिका उचलली आणि वारा घ्यायला लागल्या. म्हणाल्या, हमारा सोलर भी गया. मी म्हणाले, बाहेर तर ऊन मावत नाहीये! तर म्हणे हे सोलर कंपनीच्या तारेला जोडलेलं. दिवसभर वीज कंपनीला जाते, बिलात कमी होते, आणि कंपनीची लाईट गेली की हेही झोपतं. नियमच आहे.

म्हणजे गाय आपल्या दारात आणि दूध सगळं डेअरीला. घरच्या पोराने काळा चहा प्यायचा.

भाभी म्हणाल्या, बॅटरीवालं वेगळं असतं. पण बॅटरी म्हटली की ॲसिड. सोलर बाद. निर्णय झाला, जनरेटर. चार दिवसांचे पाच झाले, पण तपास पक्का.

८ एप्रिल
माझा भाऊ नवल धुळ्याला मंडपाचं काम करतो. लग्नात वरातीच्या मागे हातगाडीवर जनरेटर असतो ना, तसले त्याच्याकडे दोन आहेत. फोन केला. म्हणाला, ताई, एक तुनाकडे ठेव, माले काय. भाऊ असावा तर असा. शेठची बायको असून भाभींना पत्रिकेने वारा घ्यावा लागतो. मी आठवी पास, जनरेटरवाली.

१० एप्रिल
जनरेटर आला. टेम्पोतून उतरवला तेव्हा निम्मी गल्ली जमा. हळदीकुंकू लावलं, लिंबूमिरची बांधली. नारळ मशीनवर आपटणार तेवढ्यात नवल ओरडला. बाजूला फोडला.

नवलने शिकवलं. हे बटण, हा पेट्रोलचा नळ, ही दोरी वढ. मी म्हणाले, ओढते की, आधी टिकलीचं नाक पुसून येते. नाक पुसून आले तोवर त्यानेच ओढली होती. म्हणाला, कसाले भ्यास, ताई? हाई मशीन बठ्ठा लगीनमा चालनं, आजलोंग काही नही व्हयनं. म्हणजे हाही आजपर्यंतच म्हणाला.

मी भ्यायले नाही. लांब उभी होते कारण आवाज लांबूनच नीट तपासता येतो.

११ एप्रिल
पेट्रोलची बाटली कुठे ठेवायची याचा विचार कोणी केला नव्हता. मी केला. स्वयंपाकघरात गॅस. बैठकीत देवघर. गच्चीवर ऊन. म्हणून मोरीत ठेवली, बादलीत उभी, वरून ओला टॉवेल. मग मोरीत कोणाला जाऊ दिलं नाही. आज कोणी आंघोळ केली नाही. वासाचा भरवसा नको म्हणून गॅसही पेटवला नाही, देवाजवळ दिवाही नाही.

ललित ड्यूटीवरून आला. जेवायला काय आहे? मी म्हणाले काकडी. त्याने मोरीत डोकावून पाहिलं, बाटली उचलली, आणि गाडीच्या टाकीत ओतून आला. जिथून काढलं होतं तिथेच. पटलं असावं त्याला माझं.

१२ एप्रिल
आज जनरेटर पहिल्यांदा कामाला लावला. पेट्रोल लागेल तेवढंच काढायचं असा माझा नियम. लाईट गेली तशी मी ललितच्या रबरी चपला घातल्या, हातात लाकडी लाटणं घेतलं. दोरी मीच ओढणार होते पण धुरपदाक्कांना फार हौस दिसली. त्यांनी एका झटक्यात ओढली. लहानपणापासून विहिरीचं पाणी काढलेली बाई.

धडधड सुरू झाली. पंखा फिरला. मी टिकलीला मांडीवर घेतलं, थोपटलं. तिने कान टवकारले, खाली उतरली, आणि अंगणात जाऊन नाचायला लागली.

तिच्या डोक्यात जनरेटर म्हणजे वरात. मागच्या वर्षी नवलच्या लग्नात याच मशीनच्या पुढे नाचली होती. गल्लीतली पोरं जमली, तीही नाचायला लागली. मग मोठी माणसं बाहेर. कोणाची वरात? नवरदेव कुठला? कोपऱ्यावरच्या एका म्हातारबाबांनी टोपी घालून येऊन विचारलं, पंगत कुठे आहे?

टिकली झोपली नाही. पण घाबरलीही नाही. म्हणजे सोय झालीच म्हणायची.

१४ एप्रिल
वरात.

१५ एप्रिल
वरात. टिकलीला आता नवरदेव पाहिजे. रडते. म्हणून ललितला डोक्याला टॉवेल बांधून अंगणात उभं केलं. रात्रपाळीला जायच्या आधी अर्धा तास. तो म्हणाला, सोय नको पण नवरदेव आवर.

१६ एप्रिल
नवल टेम्पो घेऊन आला आणि जनरेटर घेऊन गेला. लग्नतिथ्या सुरू झाल्या. म्हणाला, तिथी सरली की परत आणतो. मी तिथ्या पाहिल्या. आखाजी उलटून पार पुढे जातात. आणि लाईट जायचीही तिथीच असते की काय, नवल गल्लीच्या बाहेर पडला तशी गेली. मी ओरडले. नवल ऐकून परत येईल म्हणून.

धुरपदाक्का आल्या. लाटणं आणलं नव्हतं. म्हणाल्या, आते सवय व्हयनी.

१७ एप्रिल
जनरेटरबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईटच होतं. धूर, वास, वरात. लग्नाच्या दिवशी नाही म्हणजे नाही. घरात माणूस असावं सूर्यासारखं, रोज वेळेवर येणारं, आवाज न करणारं.

शेठकडे गेले. शेठ म्हणाले, अब क्या हुआ बेटा, बैल भाग गया? मग म्हणाले, बॅटरीवाला छोटा सोलर लगवा लो, मेरे जान पहचान का भटू है. मी ॲसिडचं विचारलं. म्हणाले, अब लिथियम आता है, उसमें ॲसिड नही. लिथियम म्हणजे काय ते मी विचारलं नाही. नावावरून शांत वाटतं.

साबण नको होता. तरी घेतला. आता ट्रंकेत मावत नाहीत.

१८ एप्रिल
बायांच्या भिशीत या महिन्याला माझा नंबर. फ्रिज घ्यायचा होता. फ्रिज लाईटवर चालतो, लाईट नाही तर फ्रिज म्हणजे कपाट. हे ललितला समजावलं. तो म्हणाला, तुला भीती वाटते तर तूच जा ना सावद्याला पोरीबरोबर. मला नाही, टिकलीला वाटते, हे मी किती वेळा सांगायचं?

१९ एप्रिल
भटू आला. दोन पॅनल, एक बॅटरी, तारा. गच्चीवर काम चाललं होतं. ऊन फार होतं म्हणून टिकलीसाठी मी जिन्यातच थांबले. भटू वरून सूचना सांगत होता, मी खालून हो हो म्हणत होते. अर्ध्या ऐकू आल्या. ज्या महत्त्वाच्या असतील त्या मोठ्यानेच सांगितल्या असणार.

बॅटरी कोपऱ्यात ठेवली. तिच्यासमोर पाट उभा केला. भटूने विचारलं पाट कशाला? मी म्हणाले नजर लागू नये म्हणून.

दिवेलागणीला लाईट गेली. आणि आमच्याकडे? दोन बल्ब, एक पंखा! आवाज नाही, धूर नाही, पंगत विचारायला कोणी नाही. टिकली पंख्याखाली पाय पसरून झोपली. मी उठून दारात उभी राहिले. अख्खी गल्ली काळी आणि माझ्या दारातून उजेड रस्त्यावर. असं वाटलं, काही वाचलं-शिकलं नाही तरी चालतं, डोकं पाहिजे.

सासूबाईंना फोन केला. सोय झाली, या पाहायला. आखाजीला माहेरी धुळ्याला जायचंही रद्द केलं. झोका, गाणी, सगळं सोडलं. सोलर सोडून कुठे जाणार?

२१ एप्रिल
सुख. लिहायला काही नाही.

२२ एप्रिल
एक छोटी अडचण. सोडवली.

आमच्या गल्लीत स्लॅबचं घर आमचं एकट्याचं. बाकी सगळे पत्रे. त्यामुळे उन्हाळ्यात सगळ्यांचे बिबडे आमच्या गच्चीवर. धुरपदाक्का पहाटे ज्वारीचं पीठ शिजवतात, बाया ओल्या धोतरावर पातळ पातळ बिबडे पसरवतात, वाळले की सोडवायचे. टिकलीच्या आधीपासूनची पद्धत. आज बाया पातेलं घेऊन वर गेल्या तर गच्चीच्या मधोमध पॅनल. उरलेल्या जागेत टाकीची सावली.

धुरपदाक्का कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, आते सूर्य बी तुनाच व्हयना का, पुनम?

सगळ्या हसल्या. मला ते लागलं. ललित पाळीवर असला की याच बाया एका हाकेला येतात. टिकलीला धीर द्यायला. त्यांना नाराज करून कसं चालेल? आणि तेव्हाच मला सुचलं.

सोलर म्हणजे काय? ऊन ओढणारी काच. म्हणजे गच्चीत सगळ्यात जास्त ऊन कुठे येत असेल? काचेवर! काच तापलेली, तिरपी, धूळ नाही, कबुतर बसत नाही, घसरतं. मी म्हणाले, अक्का, पॅनलवर टाका.

दुपारपर्यंत बिबडे खडखडीत. एरवी दोन दिवस लागतात. अक्कांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, पोरगी देखावाले भेकड शे, पण डोकं शे. भेकड का म्हणाल्या कळलं नाही.

एका उन्हात दोन कामं. भटूलासुद्धा हे सुचलं नसतं.

२३ एप्रिल
लाईट गेल्यावर पंखा फिरला आणि चहा उकळायच्या आत बंद झाला. नवीन वस्तू आहे. रुळायला वेळ लागतो.

२४ एप्रिल
बल्ब लागला, पंखा नाही. नंतर बल्बही नाही. भटूला फोन केला. त्याने विचारलं, पॅनलवर सावली पडते का, झाडाची, टाकीची, शेजारच्या भिंतीची? मी छातीवर हात ठेवून सांगितलं, कसलीही नाही. मग म्हणाला, धूळ असेल, पुसून घ्या. संध्याकाळी बाया बिबडे काढून गेल्यावर मी पॅनल ओल्या फडक्याने पुसले. आरशासारखे. लाईट गेली. बल्बही लागला नाही.

माल खोटा दिला आहे असं माझं मत होत चाललंय.

२५ एप्रिल
भटू म्हणाला फोटो पाठवा. सगळं आवरून झाल्यावर पाठवला. म्हणाला, मॅडम, एक नंबर, पॅनल तर देवासारखे स्वच्छ आहेत. बॅटरीत लोचा असेल, धुळ्याचं काम आटोपलं की येतो. म्हणजे आखाजीनंतर. सासूबाई परवा येणार.

काम वाढलंय. मागच्या गल्लीतल्या बायाही यायला लागल्या. कुरडया, बटाट्याचे वेफर, एकीच्या शेवया. पॅनलला नंबर लावावे लागतात. डावा पॅनल लवकर वाळवतो असं सगळ्यांचं म्हणणं आहे, भांडण होतं. मी मध्ये पडून मिटवते. मान वाढला माझा.

२६ एप्रिल
उपाय. उद्या सासूबाई आल्या की लवकर जेवायचं, लाईट असतानाच सगळं दाखवायचं आणि लवकर झोपायचं. डोळे मिटल्यावर कुठे कळतं लाईट आहे की गेली?

टिकलीला सांगून ठेवलं, आजीने विचारलं तर सांग की मला इथे छान वाटतं. ती म्हणाली, आजीकडे वासरू आहे. मी म्हणाले, ते सांगू नको.

२७ एप्रिल
सासूबाई आल्या. आल्या आल्या गच्चीवर गेल्या. मी खाली चहा ठेवत होते. बऱ्याच वेळाने आल्या, तोंडात काहीतरी कडकड वाजत होतं.

चांगले वाळले, म्हणाल्या.

मी म्हणाले, हो ना आई, सोलरची कमाल.

सासूबाईंनी बिबड्याचा तुकडा गिळला आणि मला विचारलं, त्याच्या तोंडावर फडकं टाकून त्याले जेव म्हणते का तू?

मला आधी कळलं नाही कोणाबद्दल बोलताहेत. मग कळलं. मी सांगितलं, आई, बिबडा केवढासा पातळ, आरपार दिसतं. आणि खाली धोतर आहे. धोतरही पातळ आहे. सासूबाई ऐकत होत्या. ललित भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. रडत असावा. घरात कोणाला काही सोसत नाही म्हणायचं.

जेवण लवकर उरकलं. ठरल्याप्रमाणे गादी घालत होते आणि लाईट गेली. डोळे मिटायच्याही आधी. बल्ब नाही. पंखा नाही. कोपऱ्यात बॅटरीचा एक लाल ठिपका, पाटाआडून, डोळ्यासारखा.

मी फक्त पलंगावर चढले. कारण खाली काहीतरी पायाला लागलं. ती टिकली होती. सासूबाईंनी मोबाईलचा टॉर्च लावला तेव्हा टिकली जमिनीवर मांडी घालून अंधारातच कुरडया मोजत बसली होती, आणि मी पलंगावर उशी धरून उभी. ओरडतही असेन.

सासूबाई ललितला म्हणाल्या, सकाळच्या गाडीने जातो आम्ही.

मी म्हणाले, आई, बिबडे काढले की उद्याच सगळं ठीक होईल. सासूबाई म्हणाल्या, होईल ना. पण आमचं बोलणं झालं होतं.

२८ एप्रिल
गेली. रडेल म्हणून मी खाऊ तयार ठेवला होता. बसमध्ये खिडकीजवळ बसली, हात हलवला. मला म्हणाली, रडू नको. मी रडत नव्हते. स्टँडवर धूळ फार.

२९ एप्रिल
बायांना सांगितलं, पॅनलवर नको. धुरपदाक्का बिबड्यांचा एक डबा देऊन गेल्या. सगळ्यांचे मिळून. म्हणाल्या, पोर येवावर तिले तळी दे.

३० एप्रिल, आखाजी
दुपारी लाईट गेली आणि आमच्याकडे काही गेलंच नाही. पंखा फिरतोय, बल्ब जळतोय, बॅटरी भरून वाहतेय. दिवसाढवळ्या दोन्ही खोल्यांत उजेड. ललित पाळीवर. मी पंख्याखाली एकटी बसून पुरणपोळी खाल्ली. अर्धी.

सोलर चांगलं हे शेवटी सिद्ध झालं. माझा निर्णय बरोबर होता. कोणाला सांगू?

१ मे
संध्याकाळपासून सगळे दिवे लावून ठेवले. ललित म्हणाला, बॅटरी संपेल, एक तरी घालव. मी म्हणाले, टिकलीला सवय आहे उजेडाची. तो म्हणाला, टिकली इथे नाही पुनम.

ते मला माहीत आहे. सवयीबद्दल बोलत होते.

२ मे
टिकलीची घामोळ्यांची पावडर इथेच राहिली. सावद्यात गारवा आहे, घामोळ्या येणार नाहीत, तरी पावडर असावी. पोस्टाने पाठवली तर सांडेल. म्हणून उद्या स्वतः जाते. तासाभरात देऊन परत. डब्याचं ललितला विचारलं. म्हणाला, मी खाईन कँटीनला, तू जा, बॅग नीट भर. पावडरच्या डब्याला बॅग कशाला? तरी चार साड्या टाकल्या. आणि साबण, बरेच होते.

३ मे, सावदा
पावडर दिली. परतीची गाडी होती, पण टिकलीने सोडलं नाही. म्हणजे ती वासराजवळ होती, पण सोडलं नसतंच.

संध्याकाळी इथेही लाईट गेली. इथे सोलर नाही, जनरेटर नाही, शेजार नाही. पानं वाजतात. बागेकडे पाहिलं तर काळं. अंगणात खाटा टाकल्या होत्या, मी मधली घेतली. टिकलीसाठी. ती आजीच्या खाटेवर.

मग कुठेतरी ते घुबड बोललं. मी खोकले.

सासूबाई हळूच टिकलीला म्हणाल्या, मला ऐकू येणार नाही असं वाटलं असेल त्यांना, म्हणाल्या, जाय बाई, तुह्या मायपाशी झोप, तिले भेव लागते.

टिकली गोधडी ओढत आली. खाटेवर चढली. माझं बोट धरलं आणि म्हणाली, काही नाही आई, फक्त लाईट गेली.

सासूबाईंचा गैरसमज झाला आहे. उद्या नीट समजावून सांगेन. तेव्हा काही बोलले नाही, पोर दचकली असती.

४ मे, सकाळी
झोप बरी लागली. जागा बदलली की लागते.

उठले तर ऊन अंगणात आलेलं, टिकली वासराजवळ. खाटेवर माझ्या शेजारी, तिच्या जागी, आजीने करून दिलेली चिंध्यांची बाहुली झोपवून ठेवलेली. गळ्यापर्यंत गोधडी.

सासूबाईंनी चहा दिला. परत कधी जाणार विचारलं. मी म्हणाले, बघू, सध्या टिकलीला माझी गरज आहे. हो म्हणाल्या. गैरसमजाचं सांगायचं राहिलं.

बाहुली घेऊन टिकलीकडे गेले, म्हटलं घे, तुझी राहिली होती. तिने वासराला चारा देता देता मागे वळून पाहिलं. म्हणाली, नको, तुझ्याकडेच असू दे. इकडे रोज जाते लाईट.